प्रोस्टेट: सर्दीच्या गोळीपासून पीएसएपर्यंत, या चुका टाळा

भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेलो होतो. हॉलमधला एसी, रात्रीचं आइस्क्रीम, आणि सकाळपर्यंत नाक गच्च. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीची गोळी घेतली, एक लगेच आणि एक दुपारी. अक्षता पडत होत्या तेव्हा मी हॉलच्या मागच्या संडासात उभा होतो आणि थेंब उतरत नव्हता. संध्याकाळपर्यंत ओटीपोट नारळासारखं टणक झालं. शेवटी हॉस्पिटलात नळी घातली, पिशवीत 900 मिली लघवी जमा झाली.

ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, “काका, धार कधीपासून बारीक आहे?”

“छे, मला तसा काहीच त्रास नव्हता,” मी म्हणालो.

“चार वर्षं,” हिने शेजारून सांगितलं.

माझं प्रोस्टेट वाढलेलं निघालं, आणि पुढच्या सहा महिन्यांत मी जवळजवळ प्रत्येक चूक करून पाहिली. त्या इथे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. औषधाचा निर्णय आपापल्या डॉक्टरांकडेच घ्यायचा.

सर्दीची गोळी न विचारता घेणे

सुरुवात माझ्यापासून. सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत फिनाइलेफ्रिन किंवा स्युडोएफेड्रिन असतं आणि जोडीला क्लोरफेनिरामिनसारखं अँटिहिस्टामिन. पहिलं नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं म्हणून नाक मोकळं होतं, पण तेच औषध मूत्राशयाच्या तोंडाचा आणि त्याखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतला स्नायूही आवळतं. दुसरं मूत्राशयाचा जोर कमी करतं. म्हणजे एकाने दार ओढून धरलं आणि दुसऱ्याने ढकलणाऱ्याचे हात ढिले केले. तरुणाला याचं काही वाटत नाही. वाढलेल्या प्रोस्टेटने ज्याची वाट आधीच अरुंद झाली आहे त्याची लघवी तुंबते.

तुंबली तर घरी गरम पाण्याच्या पिशव्या, धने-जिऱ्याचं पाणी, “अजून दोन ग्लास पी म्हणजे सुटेल” यात वेळ घालवू नका. पाणी प्यायल्याने टाकी आणखी भरते, एवढंच. कुठल्याही हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात नळी घालून मिळते, आणि ती घातल्यावर जे सुख वाटतं ते लिहून सांगता येणार नाही.

आयुष्यच लघवीभोवती बसवून घेणे

ही खरी मोठी चूक, आणि ती करताना चूक वाटतच नाही. मी एसटीत दाराजवळची सीट मागायचो. पुण्याहून मुंबईला निघायचं तर सकाळचा चहा बंद. नाटकाला गेलो की रांगेतली कडेची खुर्ची. संध्याकाळी सहानंतर पाणी नाही. रात्री तीनदा उठणं म्हणजे वय. पाय ओले होऊ नयेत म्हणून बसून लघवी करायला लागलो आणि तेही “गुडघे दुखतात” या खात्यावर टाकलं. त्रास वाढत होता आणि मी त्याला जागा करून देत होतो. म्हणून डॉक्टरांनी विचारलं तेव्हा प्रामाणिकपणे तोंडातून आलं, त्रास नाही.

यावर एक साधं माप आहे. युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रमार्गाच्या डॉक्टरांकडे, सात प्रश्नांचा एक कागद देतात. गेल्या महिन्यात लघवी पूर्ण झाली नाही असं किती वेळा वाटलं, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागलं का, मध्येच धार तुटली का, घाई आवरली नाही असं झालं का, धार बारीक होती का, सुरू व्हायला जोर लावावा लागला का, आणि रात्री किती वेळा उठलात. प्रत्येकाला 0 ते 5 गुण. एकूण 7 पर्यंत सौम्य, 8 ते 19 मध्यम, 20 आणि त्याच्या वर तीव्र. मी स्वतः भरला तेव्हा 13 आले. हिने बाजूला बसून तीन उत्तरं दुरुस्त केली, 19 झाले. कागद भरताना बायकोला बरोबर न्या.

पाणी बंद करणं मात्र सोडा. दिवसभर कमी पाणी प्यायलं की लघवी दाट होते, जळजळते, मग आपण “उन्हाळी लागली” म्हणतो. मुतखडा आणि जंतुसंसर्ग दोघांचीही सोय होते. पाणी दिवसा पुरेसं प्या, झोपण्याआधीचे दोन-तीन तास हात आखडता घ्या. चहा-कॉफी आणि दारू संध्याकाळी नको.

रात्रीचं प्रत्येक उठणं प्रोस्टेटच्या माथी मारणे

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ दोन वर्षं प्रोस्टेटची गोळी खात होते, रात्री चार वेळा उठणं काही थांबेना. त्यांना डॉक्टरांनी तीन दिवसांची वही लिहायला लावली. स्वयंपाकघरातलं जुनं मापाचं भांडं बाथरूममध्ये ठेवायचं, प्रत्येक वेळी वेळ आणि मिली लिहायचे. वहीतून दिसलं की चोवीस तासांतली निम्मी लघवी रात्रीच होते. उतारवयात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलं तर प्रश्न लघवीच्या वाटेचा कमी आणि रात्री लघवी जास्त तयार होण्याचा जास्त. त्यांच्या पायांना संध्याकाळी सूज यायची. आडवं झालं की ते पाणी रक्तात परत येऊन मूत्रपिंडातून निघायचं. मूळ हृदयात निघालं. मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, रक्तदाबासाठी रात्री घेतलेली लघवीची गोळी, अशी इतरही कारणं असतात. वहीला खर्च काहीच नाही, आणि तरी ती फार कमी लोक लिहितात.

“प्रोस्टेट वाढलंय” आणि “कर्करोग” यांची गल्लत

ही गल्लत दोन्ही बाजूंनी होते. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली असतं आणि मूत्रमार्ग त्याच्या मधून जातो. तरुणपणी ते अक्रोडाएवढं, वजनाला 20 ग्रॅमच्या आसपास. वयाने जी वाढ होते ती आतल्या, मूत्रमार्गाला लागून असलेल्या भागात होते. म्हणून ती वाट आवळते आणि लघवीचा त्रास देते. ही वाढ कर्करोग नाही आणि पुढे जाऊन कर्करोग होतही नाही. कर्करोग बहुतेक वेळा बाहेरच्या, मागच्या भागात सुरू होतो. तिथे मूत्रमार्ग दूर असल्यामुळे सुरुवातीला धार छान असते. त्यामुळे त्रास आहे म्हणून घाबरून जाणं चूक, आणि त्रास नाही म्हणून तपासणी नको हेही चूक.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवरचा “45 ग्रॅम” हा आकडा पाहून हबकणारेही खूप. आकाराचा आणि त्रासाचा हिशेब जुळत नाही. 80 ग्रॅमवाला निवांत झोपतो आणि 30 ग्रॅमवाल्याला नळी लागते. गाठ कुठे आणि कशी वाढली आहे, मूत्राशयाने किती वर्षं जोर लावला आहे, यावर ते ठरतं.

गुदमार्गातून बोटाने करायची तपासणी टाळणारे तर घरोघर. मीही पहिल्यांदा “आज नको” म्हणालो होतो. अर्धं मिनिटही लागत नाही. कर्करोग जिथे सुरू होतो तोच मागचा भाग बोटाला लागतो. तो मऊ आहे की दगडासारखा, हे कळतं.

चुकीच्या वेळी पीएसए करणे

नळी निघाल्यावर दहा दिवसांनी मुलाने कौतुकाने “फुल बॉडी चेकअप”चं पॅकेज घेतलं. माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. रात्री मोबाइलवर रिपोर्ट आला: पीएसए 11.4, शेजारी लाल अक्षर. पीएसए म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन, रक्तात ते वाढलेलं दिसलं की कर्करोगाची शंका घेतात. नेहमीची मर्यादा मिलिलिटरमागे 4 नॅनोग्रॅम. मुलगा रात्रभर नेटवर वाचत बसला. मी मृत्युपत्र कुठे ठेवलंय ते आठवत होतो.

सकाळी डॉक्टर मॅडमनी विचारलं, “हे आत्ता कोणी करायला सांगितलं?” लघवी तुंबणं, नळी घालणं, जंतुसंसर्ग, प्रोस्टेटची सूज, या सगळ्यांनी पीएसए चढतं. अशा प्रसंगानंतर साधारण दीड-दोन महिने थांबून मोजायचं. एरवीही तपासणीच्या आधी दोन दिवस वीर्यस्खलन आणि लांबचं सायकलिंग टाळायचं. दोन महिन्यांनी माझं पीएसए 3.1 आलं.

उलटी चूकही होते. प्रोस्टेट लहान करणाऱ्या ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड या गोळ्या सहा महिने घेतल्या की पीएसए साधारण निम्म्यावर येतं. रिपोर्टवर 2.5 दिसतं, प्रत्यक्षात ते 5 धरायचं असतं. गोळी सुरू असताना सर्वांत खाली गेलेला आकडा पुन्हा चढू लागला तर तो “4 च्या आतच आहे” म्हणून सोडायचा नाही. टक्कल थांबवायला दिली जाणारी फिनास्टेराइडची छोटी गोळीही पीएसए खाली ओढते. केसांच्या डॉक्टरांकडची ही गोष्ट युरॉलॉजिस्टला कोणी सांगत नाही, तुम्ही सांगा.

पीएसए 4 ते 10 च्या मध्ये असलेल्यांत बायोप्सी केली, म्हणजे सुईने प्रोस्टेटचे तुकडे काढून तपासले, तर साधारण चारांपैकी एकात कर्करोग सापडतो. म्हणजे तिघांत नाही. म्हणून हल्ली आकडा पुन्हा तपासून, बहुधा आधी एमआरआय करून, मग बायोप्सीचं ठरवतात. आणि सापडलेल्या प्रत्येक कर्करोगाला लगेच शस्त्रक्रिया लागते असंही नाही. मंद वाढणाऱ्यांवर नुसती नजर ठेवतात. तपासायचं की नाही याची चर्चा पन्नाशीच्या सुमारास डॉक्टरांशी करा. वडील किंवा भाऊ यांना हा कर्करोग झाला असेल तर पाच-दहा वर्षं आधी. सत्तरीनंतर तक्रार नसताना दरवर्षी पीएसए करत राहण्यात सहसा फायदा नसतो. पॅकेजमध्ये फुकट आहे, हे काही कारण नव्हे.

सोनोग्राफीच्या दिवशी तट्ट फुगून जाणे

“ब्लॅडर फुल करून या” असं सांगितलं की आपण दोन बाटल्या रिचवून दीड तास रांगेत तळमळतो. मूत्राशय क्षमतेबाहेर ताणलं की ते नीट आवळत नाही आणि लघवी करून आल्यावर आत उरलेली लघवी खोटी जास्त दिसते. नेहमीसारखी चांगली लागली की तंत्रज्ञाला सांगा, गप्प राहू नका. उरलेली लघवी जास्त आली तर थोडं चालून, पुन्हा जाऊन, परत मोजायला सांगा.

धार मोजायच्या यंत्राचं म्हणजे युरोफ्लोमेट्रीचंही तसंच. निदान 150 मिली लघवी झाली तरच तो आलेख वाचण्यासारखा असतो. बाहेर चार माणसं खोळंबली आहेत म्हणून घाईत केलेली लघवी कोणाचीच खरी नसते. माझा पहिला आलेख वाया गेला.

गोळ्यांच्या चुका

टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन या वाट सैल करणाऱ्या गोळ्या. काही दिवसांत फरक पडतो. अंथरुणातून ताडकन उठलात तर चक्कर येते, म्हणून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा. संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येणं हा यांतल्या काहींचा परिणाम आहे. घाबरून गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांना तसं सांगा. ताठरतेची गोळी घेत असाल तर तेही सांगा, दोन्हींनी रक्तदाब उतरतो. ड्युटास्टेराइडसारख्या गोळ्यांना तीन ते सहा महिने लागतात. “महिना झाला, काही फरक नाही” म्हणून सोडणारे फार.

आणि मोतीबिंदू. टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांची बाहुली शस्त्रक्रियेच्या वेळी नीट विस्फारत नाही, बुबुळाचा पडदा लुळा पडतो. हे 2005 पासून डोळ्यांच्या डॉक्टरांना माहीत आहे, ते काळजी घेतात, पण त्यांना कळायला हवं. ही गोळी काही दिवस आधी थांबवूनही तो धोका पूर्ण जात नाही.

अमेरिकेतून पाहुण्यांनी आणलेली सॉ पाल्मेटो या वनौषधीच्या गोळ्यांची बाटली आमच्याकडेही आहे. तिकडेच 225 पुरुषांवर वर्षभर चाचणी करून 2006 मध्ये निकाल छापला गेला: नकली गोळीपेक्षा फरक नाही. वाढलेल्या गाठीने लघवी अडणं आपल्याकडे नवं नाही; सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या, म्हणजे लघवी अडण्याच्या, 12 प्रकारांत ‘वाताष्ठीला’ नावाचा एक प्रकार आहे, गुद आणि मूत्राशय यांच्या मध्ये होणारी दगडासारखी गाठ. वैद्यांकडे जायचं तर जरूर जा, पण उरलेली लघवी आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन मोजून मग जा. रेल्वेच्या भिंतीवर फोन नंबर रंगवणाऱ्यांकडे मात्र नको. युरॉलॉजिस्टच्या पाटीवर एम.सीएच. किंवा डी.एन.बी. युरॉलॉजी असतं. शस्त्रक्रियेच्या खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला आधी विचारा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

लघवीत रक्त, एकदाच आलं आणि दुखलं नाही तरी, विशेषतः विडी-सिगारेट-तंबाखूवाल्यांना: मूत्राशयाचा कर्करोग असाच चोरपावलांनी दिसतो. थंडी वाजून ताप आणि लघवीला आग. झोपेत नकळत अंथरूण ओलं होणं. उतारवयात ते बहुधा भरून वाहणाऱ्या टाकीचं लक्षण असतं, दुखत नाही, आणि मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतात. नव्याने सुरू झालेली न थांबणारी पाठदुखी, पायात बळ कमी होणं.

माझ्या पाकिटात आता आधारच्या मागे एक चिठ्ठी असते, हिच्या अक्षरात: टॅम्सुलोसिन रोज रात्री. ड्युटास्टेराइड मार्चपासून. शेवटचं पीएसए 3.1, गोळीच्या आधीचं. सर्दीची मिश्र गोळी देऊ नये. परवा नाक गळायला लागलं तेव्हा मेडिकलवाल्याने पट्टी काउंटरवर ठेवली, मी चिठ्ठी पुढे केली. त्याने वाचली, पट्टी परत खणात टाकली आणि वाफेच्या कॅप्सूल काढून दिल्या. “काका,” तो हळूच म्हणाला, “आमच्या बाबांनाही रात्री फार उठावं लागतं. त्या डॉक्टरांचं नाव मिळेल का?”