पीव्हीसी शटरला सॉफ्ट क्लोज हिंज बसवताना

सॉफ्ट क्लोज हिंज म्हणजे शटर न आपटता सावकाश बंद करणारी बिजागरी. ती लावायची तर शटर आधी बोटाने ठोकून बघा. हिंज कोणती घ्यायची हा प्रश्न त्यानंतरचा. भरीव फोम बोर्डाचं शटर बसका आवाज देतं, पोकळ पॅनेलचं शटर डब्यासारखं वाजतं. शंका राहिली तर हिंजचा कप, म्हणजे शटरच्या भोकात बसणारी तिची गोल वाटी, जिथे बसणार आहे तिथेच २ मिमीचं भोक पाडा. बिट सारख्या दाबाने आत जात राहिला तर माल भरीव, आणि जरा आत जाऊन एकदम सुटला तर पोकळ. वाळवी आणि ओट्याखालची ओल यांच्या त्रासामुळे सोलापुरात पीव्हीसीच्या ट्रॉल्या आणि कपाटं घरोघरी बसली आहेत. दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, पण पोकळ शटरला कपाची हिंज थेट लावता येत नाही. स्क्रूला धरायला तिथे जेमतेम मिमीभर जाडीची भिंत असते, ती फाटते आणि हिंज स्क्रूसकट बाहेर येते.

पोकळ शटर बदलायचं नसेल तर साधी बिजागरी तशीच ठेवा आणि सुट्टा पिस्टन डँपर आणा. बोटाएवढी नळी असते, ती शटरवर नाही तर बॉक्सच्या, म्हणजे कपाटाच्या सांगाड्याच्या आत, शटर टेकतं त्या बाजूला बसवायची. शटर बंद होताना तिची दांडी दाबली जाते आणि आपटणं थांबतं. बाथरूमच्या पूर्ण उंचीच्या पीव्हीसी दाराचा विषय वेगळा आहे. त्याला कपाटाची ही हिंज चालत नाही, वरून डोअर क्लोजरच लावावा लागतो, तोही चौकटीत आणि दारात त्या जागी भरीव पट्टी असेल तरच.

इथून पुढचं सगळं १८ मिमी भरीव बोर्डासाठी आहे. बोर्ड नवा घेणार असाल तर तो वजनावर तपासा. ८ बाय ४ फुटांची १८ मिमीची शीट ०.६ घनतेची असेल तर ३२ किलोच्या आसपास भरते, ०.५ ची असेल तर २७ च्या आसपास. हलकी शीट स्वस्त मिळते, पण स्क्रू तिच्यात नीट धरत नाही. पीव्हीसीच्या कामात हिंज सहसा मोडत नाही, स्क्रूचं भोक सैल होतं. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर हँडलमध्ये वाचवा, बोर्डात नको.

दुकानात ‘हायड्रोलिक ऑटो हिंज’ म्हणून मागितलं तरी हीच सॉफ्ट क्लोज हिंज मिळते. कप ३५ मिमीचा. क्रँक, म्हणजे हिंजच्या हाताचा बाक, मात्र स्पष्ट सांगा. शटर बॉक्सची कड पूर्ण झाकत असेल तर झिरो क्रँक, मधल्या एकाच पार्टिशनवर दोन बाजूंची शटरं येत असतील तर ८ किंवा ९, आणि शटर बॉक्सच्या आत बसत असेल तर १५ किंवा १६. क्रँक चुकली तर पुढे स्क्रू फिरवून काही भागत नाही, कारण सेटिंगला मिळतात दोनेक मिमीच. सिंकखाली आणि पाण्याच्या पिंपाशेजारी एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची हिंज घ्या, स्क्रूसुद्धा स्टेनलेसचेच. बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे थेंब साध्या प्लेटिंगच्या हिंजवर वाळत राहिले की ती गंजते.

९०० मिमी उंचीपर्यंत दोन हिंज, १६०० पर्यंत तीन, २००० पर्यंत चार. त्याहून उंच असेल तर पाच. प्रत्येक हिंजला कपाचे दोन आणि बॉक्सवर बसणाऱ्या प्लेटचे दोन असे चार स्क्रू लागतात. हे स्क्रू ६ नंबरचे, ५/८ इंची, म्हणजे साडेतीन बाय १६ मिमी घ्यायचे. पाऊण इंची स्क्रू १९ मिमीचा असतो, तो १८ च्या बोर्डातून टोक बाहेर काढतो आणि शटरच्या दर्शनी बाजूवर फोड उठते. स्क्रू चिपबोर्डचे, रुंद आट्यांचे हवेत. जिप्समचे काळे स्क्रू ओट्याखाली नकोत, ते गंजतात.

जुन्या घरांत ओट्याखाली बॉक्स नसतो, कडप्प्याचे किंवा शहाबादीचे खण असतात. दगडावर हिंजची प्लेट थेट लावू नका. खणाच्या आतल्या बाजूला १८ मिमी बोर्डाची ३ ते ४ इंच रुंद पट्टी उभी लावा, पुढची कड दगडाच्या कडेशी एकपातळ. दगड पातळ असतो, म्हणून हॅमर बंद ठेवून दगडाच्या बिटने सावकाश भोक पाडा, नाहीतर कोपरा उडतो. स्क्रूबरोबर पट्टीमागे दोन भागांचं इपॉक्सीही लावा. दगड आधी घासून, तेलकटपणा पुसून, पूर्ण कोरडा करून घ्या.

आता आखणी. हिंजचा मध्य शटरच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून ८० ते १०० मिमीवर घ्या, आतली फळी तिथे आडवी येत नाही ना हे बघून. कपाच्या भोकाची कड आणि शटरची उभी कड यांत ४ ते ५ मिमी अंतर हवं. म्हणजे भोकाचं केंद्र कडेपासून साडेएकवीस ते साडेबावीस मिमीवर येतं. अंतर ३ च्या खाली गेलं तर फोम बोर्डाची कड फुटते. सगळ्या शटरांना हे अंतर तंतोतंत एकच ठेवा, गॅप सारखी दिसायची असेल तर तीच किल्ली आहे.

भोक पाडायला ३५ चा हिंज बिट लागतो, होल सॉ नाही, कारण आपल्याला तळ शिल्लक ठेवायचा आहे. ड्रिल हॅमरवर नको आणि पूर्ण वेगातही नको. वेग वाढला की पीव्हीसी कापलं जात नाही, वितळतं. बिटला चिकट पांढरा गोळा धरतो, भोकाची कड फुगते आणि मग कप सपाट बसत नाही. दोन-तीन मिमी आत गेलं की बिट बाहेर काढायचा, भुगा झटकायचा, परत घालायचा. खोली तुमच्या हिंजचा कप मोजून ठरवा, बहुतेक वेळा १२ मिमी लागते. बिटच्या मधला काटा त्याच्याही दोन-तीन मिमी पुढे जातो. १८ मध्ये तो खपतो, १६ मध्ये मात्र दर्शनी बाजू जेमतेम राहते. १२ मिमीच्या बोर्डाला ही हिंज बसतच नाही.

कप भोकात बसवून गुण्याने (काटकोन तपासायच्या पट्टीने) हिंजचा हात शटरच्या कडेशी काटकोनात आहे का बघा, मग स्क्रूच्या जागा टोच्याने दाबून घ्या आणि अडीच मिमीच्या बिटने १२ मिमी खोल भोकं पाडा. स्क्रू हाताच्या पेचकसाने आवळा. ड्रिलने आवळताना शेवटी जो ‘टर्र’ आवाज येतो त्यातच फोममधले आटे कापले जातात, आणि तसा स्क्रू घट्ट वाटला तरी धरत नाही. हाताला घट्ट लागलं की थांबा, वर पाव फेरासुद्धा नको.

शटर बॉक्सच्या कडेवर येत असेल (आत बसत नसेल) तर प्लेटसाठी बॉक्सच्या बाजूच्या पॅनेलवर पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर उभी रेघ मारा, प्लेटची दोन्ही भोकं त्या रेघेवर येतात. उंची मोजत बसण्यापेक्षा सोपी रीत अशी: प्लेट हिंजलाच अडकवा, शटर काटकोनात उघडं धरा, खाली एक सुताची, म्हणजे ३ मिमीची पट्टी सरकवा आणि प्लेटच्या भोकांतून खुणा करा. भार मोठा असेल तर इथे स्क्रूऐवजी ४ मिमीचे आरपार बोल्ट आणि मागून रुंद वॉशर घाला. शेजारी दुसरा बॉक्स असला की ते दिसत नाहीत.

सेटिंग करताना आधी प्लेटच्या लांबट भोकांतून उंची जुळवा, मग पुढच्या स्क्रूने गॅप, शेवटी मागच्या स्क्रूने शटर पुढे-मागे. दोन शटरांमध्ये एक सूत गॅप ठेवाच. पीव्हीसी उष्णतेने लाकडापेक्षा जास्त फुगतं. सात फुटी शटर थंडीतल्या पहाटेपेक्षा मे महिन्याच्या दुपारी ३ मिमीच्या आसपास लांब भरतं. डिसेंबरात घट्ट बसवलेलं शटर ४३-४४ अंशांच्या उन्हाळ्यात खाली घासतं किंवा मध्ये बाक धरतं, आणि दोष उगाच हिंजवर जातो. खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या शटराला वरच्या हिशोबापेक्षा एक हिंज जास्त लावा.

शटर शेवटी बोटभर उघडंच राहत असेल तर बहुतेक वेळा वजन कमी पडतंय. दोन फूट बाय दीड फूट शटर ०.५ घनतेच्या बोर्डात अडीच किलोच्या आसपास भरतं, दोन डँपर त्याला जड जातात. एका हिंजचा डँपर बंद करा. काही हिंजना त्यासाठी छोटी कळ असते. नसेल तर एक सॉफ्ट क्लोज आणि एक त्याच कंपनीची, त्याच क्रँकची साधी अशी जोडी लावा. बंद होण्याचा वेग हिवाळ्यात मंद आणि उन्हाळ्यात थोडा जास्त वाटेल, कारण डँपरमधलं तेल थंडीत घट्ट होतं.

सैल झालेल्या भोकात काड्या आणि सुतारकामाचा पांढरा फेविकॉल भरू नका. तो पीव्हीसीला धरत नाही. भोकात इपॉक्सी भरा, २४ तास वाळू द्या, परत अडीच मिमीचं भोक पाडा.

घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट सांगून ठेवा: शटर हलकेच सोडून द्यायचं, शेवटपर्यंत दाबत न्यायचं नाही. दाबत राहिलं की डँपरची आतली सील जाते. सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूमच्या शेजारी घर असेल तर सुताची लव हिंजच्या सांध्यात साचते. ती कोरड्या जुन्या टूथब्रशने काढा. तेल घालू नका. डँपर आतून बंद असतो, बाहेरच्या तेलाचा त्याला काही उपयोग नाही, आणि त्या तेलावर लव आणखी चिकटून तिचा थर होतो.