पर्ल: हॅशमध्ये की आहे, तरी सापडत नाही (सुटलं!)

लिनक्सवर माझी पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्क्रिप्ट फाइलमधून नावं वाचून हॅशमध्ये (की आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या साठ्यात) शोधत होती. नाव छापलं तर अगदी बरोबर दिसायचं, पण एक्झिस्ट्स (की आहे का ते सांगणारं फंक्शन) दरवेळी खोटंच. स्पेलिंग तपासलं, लोअरकेस केलं, हॅश नव्याने भरला. दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

शेवटी चॉम्पनंतर (हे ओळीच्या शेवटचं नव्या ओळीचं चिन्ह काढतं) लेंग्थ, म्हणजे नावाची लांबी, छापली. पाच अक्षरांच्या इंग्रजी नावाची लांबी 6! शेवटच्या अक्षराचा ऑर्ड (कोड क्रमांक) 13, म्हणजे कॅरेज रिटर्न हे नियंत्रण चिन्ह. फाइल विंडोजवर बनलेली. तिथे ओळ 13 आणि 10 (नवी ओळ) अशा जोडीने संपते, आणि लिनक्सवर चॉम्प फक्त 10 काढतो. (टर्मिनलवर 13 दिसत नाही, तिथेच फसगत.)

आधी ओपनच्या मोडमध्ये ‘पेक्षा लहान’ चिन्हाला चिकटून कोलन आणि सीआरएलएफ लिहा, म्हणजे वाचतानाच 13-10 ची जोडी नुसती 10 होते. मग नेहमीसारखा चॉम्प. लेंग्थ पुन्हा छापा. 5 आली की मगच हॅशमध्ये शोधा.