नियम सांगू नका, सापडू द्या

वेगळ्या धाटणीचा कोडेखेळ बनवताय? सुरुवातीलाच सूचनांची पाटी नको. ती कोणी वाचत नाही, मीही नाही. २०१९ सालचा 'बाबा इज यू' हा कोडेखेळ बघा. त्यात नियम म्हणजे पटावरचे ढकलता येणारे शब्दच. पहिल्या लेव्हलला ते नुसते दिसतात. झेंड्याला शिवलं की जिंकलात. पुढच्याच लेव्हलला तुम्ही भिंतींत कोंडलेले! 'वॉल इज स्टॉप' (म्हणजे भिंत अडवते) या नियमातला एक शब्द ढकलून वाक्य मोडलं, की भिंतीतून आरपार. तसंच करा: एका वेळी एकच नवा नियम, आणि तो कळल्याशिवाय सुटका नाही. मग एखाद्या मित्राला खेळायला बसवा आणि स्वतः तोंडाला कुलूप लावा. तो जिथे अडेल, तिथे सूचना चिकटवू नका, लेव्हलच बदला.