नेट कंपनीला फोन लावण्याआधी: घरचं वायफाय बसवताना या चुका टाळा

शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, पैसे वेळेवर जातायत, तरी आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल लावला की समोरच्याचा चेहरा थिजतो. मग कस्टमर केअर. तिकडून ठरलेलं उत्तर येतं: राउटर बंद करून चालू करा. तासभर बरं चालतं, संध्याकाळी पुन्हा तेच रडगाणं. ओळखीपाळखीत कुणाचं नेट अडलं की मला बोलावणं येतं, आणि बहुतेक घरांत असं दिसतं की बाहेरून आलेली लाइन ठणठणीत आहे, घोटाळा घरातच आहे.

म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी एक काम करा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट लावा. केबलवर पूर्ण स्पीड आला तर लाइन चांगली आहे, अडचण वायफायची आहे. केबलवरही नेट रखडत असेल तर लाइन, वायर किंवा डबा (म्हणजे राउटर) यांपैकी काहीतरी बिघडलंय. एवढ्या एका टेस्टने निम्मा गुंता सुटतो आणि नेमकी हीच कुणी करत नाही. सगळे मोबाइल घेऊन बेडरूममधल्या गादीवरून टेस्ट मारतात आणि कंपनीला शिव्या घालतात. हल्लीच्या पातळ लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसतं. तसं असेल तर मोबाइल घेऊन राउटरच्या समोर, त्याच खोलीत उभं राहून ५ गिगाहर्ट्झवर (वायफायच्या यादीत ५जी लिहिलेलं नाव) टेस्ट करा. अंदाज येतो.

जाता जाता एक हिशेब. प्लॅनमधले एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि फाइल डाउनलोड होताना कॉम्प्युटर बहुधा मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभरच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला ११-१२ मेगाबाइटने होत असेल तर सगळं जागेवर आहे, भांडायला जाऊ नका.

डबा कुठे ठेवलाय?

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कनेक्शन द्यायला आलेला मुलगा फायबर दाराजवळ आणतो, तिथेच खिळा ठोकतो, डबा टांगतो आणि निघतो. त्याला वायर कमी लागते, आपल्यालाही भिंतीवर पसारा नको असतो. मग तोच राउटर टीव्हीच्या मागे, शोकेसच्या काचेआड, माळ्यावर जुन्या बॅगांच्या शेजारी किंवा लोखंडी कपाटाच्या डोक्यावर वर्षानुवर्षं पडून राहतो. धातू सिग्नल परतवतो, पाणी शोषून घेतं. मोठा आरसा, फिश टँक, फ्रिज, पाण्याची टाकी यांपैकी काहीही मध्ये आलं की पलीकडे रेंज पडते.

नव्या टॉवरमध्ये तर बिल्डरच सोय करून ठेवतो. दाराच्या मागे भिंतीत पत्र्याची पेटी असते, त्यात फायबर येते, आणि राउटरही त्यातच कोंबून झाकण लावलं जातं. माझ्या भाचीने वाकडला फ्लॅट घेतला तेव्हा तिचा फोन आला, "मामा, कंपनी सरळ सरळ फसवतेय, दोनशेचा प्लॅन आणि बेडरूममध्ये मेसेजसुद्धा जात नाही." जाऊन बघतो तर डबा पत्र्याच्या पेटीत, पेटीला रंग भिंतीचा, वरून गणपतीचं कॅलेंडर. त्यात इमारत मायवन पद्धतीची, म्हणजे आतल्या भिंतीही विटांच्या नाहीत, सळया घातलेल्या काँक्रीटच्या. फायबरचा डबा पेटीत तसाच ठेवला, त्यातून लॅन केबल काढली आणि वायफायचा राउटर पॅसेजमध्ये, छताच्या थोडा खाली, उघड्यावर लावला. जावईबापूंना ती पांढरी वायर अजून खुपते, पण बेडरूममधलं ऑफिस त्यावरच चालतं.

कोकणातली जांभ्या चिऱ्यांची घरं आणि जुन्या वाड्यांच्या जाडजूड भिंती यांचंही असंच. तिथे एका राउटरकडून सगळं घर व्यापण्याची अपेक्षाच धरू नका.

जागा निवडताना घराचा मध्य बघा, कोपरा नको. खांद्याच्या वर, मोकळ्यावर. अँटेना बाहेर असतील तर त्या मोबाइल टॉवरसारख्या सगळ्या दिशांना फाकवून ठेवायची गरज नसते. मेदूवड्याच्या भोकात काडी उभी धरा. काडी म्हणजे अँटेना आणि वडा म्हणजे सिग्नल. तो काडीच्या आजूबाजूला पसरतो, टोकाकडे जवळजवळ काहीच जात नाही. एका मजल्याच्या फ्लॅटमध्ये अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावर नेट हवं असेल तर एखादी आडवी करून बघा.

एकाच राउटरची दोन नावं

वायफायच्या यादीत एकाच राउटरची दोन नावं दिसतात, एकापुढे ५जी लिहिलेलं असतं. मोबाइलच्या फाइव्ह जीशी याचा काही संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झ आहे, दुसरं २.४. पहिलं वेगवान पण भिंतीला लगेच दमतं, दुसरं लांबवर जातं पण हळू आणि गर्दीचं. टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल जवळ असतील तर ५ वर टाका. स्मार्ट बल्ब, स्वस्तातले कॅमेरे, बरेचसे प्रिंटर यांना फक्त २.४ कळतं. "बल्ब कनेक्टच होत नाही" ही तक्रार निम्म्या वेळा यातूनच येते, मोबाइल ५ वर आणि बल्ब २.४ वर.

२.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत आजूबाजूचे पंधरा-वीस राउटर याच तिघांत दाटीवाटीने बसलेले असतात. मोबाइलवर वायफाय अॅनलायझर हे अॅप टाकून त्यातलं सर्वात मोकळं निवडा. काही हुशार लोक "मधलं कुणी वापरत नाही" म्हणून ३ किंवा ८ लावतात. त्याने दोन्हीकडचा गोंगाट आपल्या अंगावर येतो. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, इमारतीत ४० चा लोभ करू नका. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झलाच चालतो, तेव्हा स्वयंपाकघराला लागून राउटर नको.

राउटर रिस्टार्ट केल्यावर ५ चं नाव मिनिटभर दिसलं नाही तर घाबरू नका. ५ गिगाहर्ट्झमधली काही चॅनेल रडारसुद्धा वापरतात, त्यामुळे त्यांवर बोलण्याआधी राउटरला साठ सेकंद कान देऊन ऐकावं लागतं. ही थांबाथांबी नको असेल तर चॅनेल ३६ ते ४८ मधलं ठेवा.

दोन डब्यांचं भांडण

कंपनीचा फायबरचा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात, तो बहुतेक वेळा स्वतःच राउटर असतो. त्याच्यापुढे आपण दुकानातून आणलेला दुसरा राउटर लावतो. आता घरात दोन कारभारी झाले, आणि दोघंही घरातल्या मोबाइल-लॅपटॉपना आयपी पत्ते वाटतात.

यातला सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे ओएनटीच्या लॅन पोर्टमधून केबल काढून नव्या राउटरच्याही लॅन पोर्टात घालणं आणि दोन्हीकडे डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, चालू ठेवणं. कधी मोबाइलला या डब्याकडून पत्ता मिळतो, कधी त्याच्याकडून. कनेक्टेड दिसतं, नेट मात्र नाही. आईच्या मोबाइलवर चालतं, बाबांच्या चालत नाही, दुसऱ्या दिवशी उलट. त्यातच दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर ब्राउझरमध्ये तो टाकल्यावर कुणाचं सेटिंगचं पान उघडेल याचा नेम नाही.

उपाय दोन. सोपा असा: नव्या राउटरमध्ये ऑपरेशन मोड शोधा, तो अॅक्सेस पॉइंट करा. मग तो पत्ते वाटणं सोडतो आणि फक्त वायफाय देतो. दुसरा असा: कंपनीला सांगून ओएनटी ब्रिज मोडमध्ये घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून लाइन नुसती पुढे देतो, आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करण्याचं) युजरनेम-पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरा. दुसऱ्या वाटेने जाणार असाल तर ते युजरनेम आधी कागदावर लिहून घ्या. कुठलाही उपाय केलात तरी ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर दोघं शेजारी बसून एकमेकांवर ओरडत राहतात.

नवा राउटर लावला, सगळं बरोबर भरलं, तरी नेट येत नाही? गल्लीतल्या केबलवाल्याकडचं कनेक्शन असेल तर त्याने तुमच्या जुन्या डब्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, बांधून ठेवलेला असू शकतो. फोन करून नवा पत्ता नोंदवायला सांगा, किंवा राउटरमधल्या मॅक क्लोन या पर्यायात जुना पत्ता टाका.

गावच्या घरातला कॅमेरा पुण्यातून बघण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंगच्या (राउटरमधून बाहेरच्याला आत वाट देण्याच्या) मागे लागलेल्यांनी आधी राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय. तिथे तुम्ही कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी आत येणार नाही. स्टॅटिक, म्हणजे तुमचा स्वतःचा कायमचा, आयपी मागा किंवा क्लाउडवर चालणारा कॅमेरा घ्या.

९४ वर अडकलेला स्पीड

दोनशे किंवा तीनशेचा प्लॅन, आणि केबलवर टेस्ट केली की आकडा ९४-९५ च्या पुढे हलत नाही. हा आकडा दिसला की समजा, कुठेतरी शंभराची कडी आहे. एकतर राउटरची पोर्टं १०/१०० ची, म्हणजे फार तर शंभर एमबीपीएसची आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० लिहिलेलं असतं, ते दोन्ही बँडच्या (२.४ आणि ५ च्या) कागदावरच्या वेगाची बेरीज (३०० अधिक ८६७), आणि मागे पोर्टं मात्र शंभराची. असे राउटर आजही धडाक्यात विकले जातात. विकत घेताना खोक्याच्या मागच्या बाजूला 'गिगाबिट' शब्द शोधा, पुढचे आकडे वाचूच नका. नाहीतर दोष केबलचा असतो. गिगाबिटला आठही तारा लागतात. क्रिम्प करताना, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, एखादी तार नीट बसली नाही किंवा चारच तारा जोडल्या तर जोडणी गुपचूप शंभरावर उतरते, कुठे लाल दिवा लागत नाही. कॅट-५ई ची साधी, कारखान्यात तयार झालेली केबल आणा. शंभर मीटरपर्यंत ती गिगाबिट आरामात नेते.

रिपीटरबद्दल थोडक्यात. जिथे रेंज मरते तिथे तो लावून उपयोग नाही, मेलेलीच रेंज तो पुढे पाठवतो. राउटर आणि ती खोली यांच्या मध्यावर लावा. स्वस्तातला एका बँडचा रिपीटर ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ वापरतो, म्हणून कांड्या भरलेल्या दिसतात आणि वेग निम्म्यावर येतो. बंगला किंवा रो हाउस असेल तर जुन्या टीव्ही केबलच्या पाइपातून लॅन वर न्या आणि तिथे अॅक्सेस पॉइंट लावा. मेश (मिळून एकच वायफाय देणारे अनेक डबे) घेतलात तरी त्याचे डबे जमेल तिथे वायरनेच जोडा.

पासवर्ड, अडॅप्टर आणि ते बारीक भोक

वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवणारे अख्ख्या सोसायटीत भेटतात, आणि तोच नंबर खाली वॉचमनच्या वहीत असतो. वाक्यासारखा लांब पासवर्ड ठेवा. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. जुनी उपकरणं ३ ला जोडली जात नाहीत, तेव्हा दोन्हींचा मिश्र पर्याय असतो. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंदच करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे फार तर ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ पासून जगजाहीर आहे. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो. तो अॅडमिन-अॅडमिन तसाच ठेवू नका. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या. तुमच्या कनेक्शनवरून कुणी उद्योग केले तर विचारणा आधी तुमच्याच दारात होते.

मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसणं हा शेवटचा उपाय. त्याने राउटर रिस्टार्ट होत नाही, कोरा होतो. पीपीपीओईसकट सगळं पुसलं जातं आणि मग रविवारी तो मुलगा फोन उचलत नाही.

अडॅप्टर अदलाबदल करताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर जास्त चालतात, कमी नाही. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा अडॅप्टर बसतो, कारण पिन तीच असते, आणि राउटर जातो. लोडशेडिंगसाठी छोटा यूपीएस घेणार असाल तर ओएनटी आणि राउटर दोन्ही त्यावर हवेत. घरापर्यंत फायबर असेल तर मधल्या वाटेवर बहुधा वीज लागत नाही, तेव्हा यूपीएस कामी येतो. पण केबलवाल्याने जिन्यातल्या स्विचमधून लॅन दिली असेल तर तो स्विच बंद पडताच तुमचा यूपीएस शोभेचा.

खरंच लाइन बिघडली असेल तर

ओएनटीवर एलओएस नावाचा लाल दिवा लागला म्हणजे प्रकाशच पोचत नाही. तिथे रिस्टार्ट करत बसू नका. फायबर कुठे दाराच्या फटीत चेपली आहे का, सोफ्यामागे दुमडली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, एवढं बघा. हिरव्या कनेक्टरचं टोक बोटाने पुसू नका आणि त्यात डोळा लावून बघू नका. दिवा हिरवा असून नेट तुटत राहत असेल तर ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. तो उणे आठ ते उणे २७ डीबीएम (ताकदीचं माप) यांमध्ये हवा. उणे २७ च्या आसपास किंवा त्याही खाली घसरला असेल तर लाइनमनलाच यावं लागतं.

फोन लावताना "नेट स्लो आहे" एवढंच बोललात तर पुन्हा बंद-चालूवर बोळवण होईल. कुठला दिवा कुठल्या रंगाचा, केबलवरचा स्पीड किती, दिवसातल्या कुठल्या वेळी पडतो, आरएक्स पॉवर किती, हे एका दमात सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. लाइनमन आला की त्याच्यासमोर केबलवरच टेस्ट करायला लावा, आणि तो मोबाइल राउटरला चिकटवून "बघा काका, येतोय की फुल" म्हणाला तर तेवढ्यावर त्याच्या अॅपमध्ये ओटीपी सांगून तक्रार बंद करू नका.