पाणबुड्यांची कादंबरी वाचताना नकाशा जवळ ठेवा

शीतयुद्धातल्या अमेरिका-सोव्हिएत नौदल संघर्षावरची कादंबरी हातात घेतलीत, की आधी उत्तर अटलांटिकचा नकाशा काढा. ग्रीनलंड ते आइसलंड आणि आइसलंड ते स्कॉटलंड, या दोन समुद्रपट्ट्यांवर पेन्सिलीने खूण करा. रशियाच्या वायव्य टोकाच्या मुर्मान्स्क बंदराजवळच्या तळांवरून निघालेल्या सोव्हिएत पाणबुड्यांना अटलांटिकमध्ये उतरायचं तर साधारण इथूनच जावं लागे. म्हणून तर अमेरिकेने समुद्रतळावर आवाज टिपणाऱ्या हायड्रोफोनच्या रांगा अंथरल्या होत्या. निम्म्या डावपेचांचा उलगडा या खुणांवरूनच होतो.

वेगाचा हिशोबही डोक्यात असू द्या. १ नॉट म्हणजे तासाला १.८५२ किमी. ३०० किमी अंतर ३० नॉट्सने साडेपाच तासांत कापता येतं, पण तेवढ्या वेगात आवाज वाढतो आणि स्वतःच्या सोनारलाही (पाण्यातल्या आवाजावरून इतर जहाजं शोधणाऱ्या यंत्रणेलाही) नीट ऐकू येत नाही. ५ नॉट्सने दबकत गेलं, तर तेच अंतर ३२ तासांवर जातं. कप्तान वेग कमी करतो ते पान म्हणूनच घाईने उलटू नका. खरी झुंज तिथे असते.

नावांत मात्र हमखास गोंधळ होतो. नाटो ज्या सोव्हिएत पाणबुडीला ‘टायफून’ म्हणे, तिला सोव्हिएत नौदल ‘अकुला’ म्हणे. आणि नाटो जिला ‘अकुला’ म्हणे, ती वेगळीच सोव्हिएत पाणबुडी! कुठलं जहाज कुणाचं, एवढं बुकमार्कवर टिपून ठेवा. क्षेपणास्त्रांचे मॉडेल नंबर खुशाल गाळा, काही बिघडत नाही.