ऑक्सफर्ड की केंब्रिज: जीवशास्त्राच्या पदवीसाठी निवड कशी करावी

जीवशास्त्राच्या पदवीसाठी या दोन विद्यापीठांपैकी एकाची निवड अर्ज भरण्यापूर्वीच करावी लागते. ब्रिटनमधील ‘युकॅस’च्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक व्यवस्थेच्या, अर्जात पाच पर्याय देता येतात, परंतु पदवीपूर्व प्रवेशासाठी एका वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्ही घालता येत नाहीत, याला अपवाद अगदी मोजके आहेत. त्यामुळे ‘दोन्हीकडे अर्ज करू आणि मग पाहू’ हा सल्ला कोणी दिला, तर तो तेथेच सोडून द्यावा. अर्जाची अंतिम तारीख 15 ऑक्टोबर असते आणि त्याआधीची तयारी लक्षात घेता निर्णय ऑगस्टअखेर पक्का झालेला असावा.

सर्वप्रथम क्रमवारीचे तक्ते बाजूला ठेवावेत. त्यांत संशोधनाला मोठे वजन असते आणि पहिल्या वर्षी तुम्हाला नेमके काय शिकावे लागेल, याचा त्यांतून काहीही पत्ता लागत नाही. विद्यापीठांच्या इतिहासाबद्दलही हेच म्हणावे लागेल. डीएनएची रचना 1953 साली केंब्रिजमध्ये उलगडली, तर ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुड्स या जंगलात ग्रेट टिट पक्ष्यांचा अभ्यास 1947 पासून चालू आहे. दोन्ही गोष्टी थोर आहेत, पण त्यांच्या जोरावर पदवीचा अभ्यासक्रम निवडू नये.

शिकवण्याच्या पद्धतीत फारसा फरक नाही. ऑक्सफर्डमध्ये जे ट्युटोरियल, ते केंब्रिजमध्ये सुपरव्हिजन; दोन्हीकडे दोन-तीन विद्यार्थ्यांचे गट, आठ आठवड्यांची सत्रे आणि कॉलेजची, म्हणजे विद्यापीठांतर्गत निवासी महाविद्यालयांची, व्यवस्था आहे.

खरी अडचण यापुढे सुरू होते. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना सुरुवातीला मला हाच टप्पा सर्वांत जड गेला, कारण आपण ज्या दोन गोष्टींची तुलना करू पाहतो, त्या एका जातीच्या नाहीतच. ऑक्सफर्डमध्ये ‘बायोलॉजी’ नावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. केंब्रिजमध्ये त्या नावाची पदवीच नाही. तेथे जीवशास्त्र शिकायचे, तर ‘नॅचरल सायन्सेस’ या व्यापक अभ्यासक्रमात, म्हणजे ट्रायपॉसमध्ये, प्रवेश घ्यावा लागतो. म्हणून विद्यापीठांची नावे विसरून दोन कोरे कागद घ्यावेत आणि प्रत्येकावर एका अभ्यासक्रमाचे वर्षनिहाय चित्र मांडावे: सक्तीचे काय, निवडीचे काय आणि एखादा विषय सोडला तर पुढचे कोणते दार बंद होते.

केंब्रिजच्या कागदावर पहिल्या वर्षी तीन विज्ञानविषय आणि जोडीला गणित असे दिसेल. येथे दोन चुकीचे सल्ले सर्रास दिले जातात. पहिला असा, की केंब्रिजला गेले की भौतिकशास्त्र करावेच लागते. हे खरे नाही. पेशींचे जीवशास्त्र, सजीवांचे शरीरक्रियाशास्त्र आणि उत्क्रांती व वर्तन हे तिन्ही विषय घेऊन पहिले वर्ष पूर्णपणे जीवशास्त्रात घालवता येते. दुसरा सल्ला असा, की जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला गणितापासून सुटका मिळते. तीही मिळत नाही; नेहमीच्या गणिताऐवजी जीवशास्त्रासाठी बेतलेले गणित घेता येते, इतकेच. मात्र पहिल्या वर्षी रसायनशास्त्र सोडले, तर दुसऱ्या वर्षाचे रसायनशास्त्र हातचे जाते, ही गोष्ट त्या कागदावर ठळक अक्षरांत लिहावी. दुसऱ्या वर्षी विषय अधिक नेमके होतात आणि प्राणिशास्त्र, आनुवंशशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांसारखे विशेषीकरण तिसऱ्या वर्षी येते.

ऑक्सफर्डच्या कागदावर पहिल्या दिवसापासून जीवशास्त्रच दिसेल: आधी सर्वांना समान पाया आणि मग वर्षागणिक वाढत जाणारी निवड. येथे सावधगिरी वेगळी आहे. ऑक्सफर्डमध्ये जीवरसायनशास्त्र आणि बायोमेडिकल सायन्सेस हे अगदी स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत आणि त्यांची निवड अर्ज करतानाच करावी लागते. प्रथिनांच्या रचनेत रमणाऱ्या मुलीने केवळ नाव ओळखीचे म्हणून ‘बायोलॉजी’ निवडले, तर तिची आवड एका अभ्यासक्रमात आणि ती दुसऱ्यात, अशी अवस्था होते. हे मी घडताना पाहिले आहे आणि नंतर अभ्यासक्रम बदलून मिळेल, या भरवशावर कोणीही राहू नये.

‘रेणूंसाठी केंब्रिज, प्राण्यांसाठी ऑक्सफर्ड’ हे वाक्यही फार ऐकू येते. केंब्रिजमध्ये प्राणिशास्त्राची आणि ऑक्सफर्डमध्ये जीवरसायनशास्त्राची भक्कम परंपरा असताना त्यात तथ्य नाही. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा गणित यांपैकी एखादा विषय आपल्याला अजून सोडून द्यावासा वाटत नाही का? उत्तर होय असेल, तर केंब्रिज. कारण जीवशास्त्र करीन म्हणून आलेला विद्यार्थी तेथे वर्षभराने रसायनशास्त्राकडेही वळू शकतो, अर्थात पहिल्या वर्षी तो विषय घेतला असेल तर. आपल्याला सजीवसृष्टीच शिकायची आहे, हे आतून पक्के असेल, तर ऑक्सफर्ड. उत्तर विद्यार्थ्याने एकट्याने लिहावे आणि मगच पालकांना दाखवावे. पालक शेजारी बसले की मुले त्यांना आवडेल ते लिहितात.

चौथ्या वर्षाचा हिशेबही याच वेळी करावा. ऑक्सफर्डचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून शेवटचे वर्ष मोठ्या संशोधन प्रकल्पाचे असते, पण तीन वर्षांनंतर बीए (या दोन्ही विद्यापीठांत विज्ञानाच्या पदवीलाही हेच नाव आहे) घेऊन बाहेर पडता येते. केंब्रिजची बीए तीन वर्षांची आहे आणि चौथे वर्ष ठरावीक विषयांतच मिळते. परदेशी विद्यार्थ्याला त्या एका वर्षाचे शुल्क आणि राहण्याचा खर्च बराच पडतो, हे घरात आधी बोलून घ्यावे.

प्रवेश चाचणीचा विचार सर्वांत शेवटी करावा, पण टाळू नये. केंब्रिजच्या नॅचरल सायन्सेससाठी 2025 च्या प्रवेशापासून ‘ईसॅट’ ही चाचणी लागू झाली. तीत गणिताचा पहिला भाग सर्वांना असतो, उरलेले दोन भाग आपण निवडायचे. प्रत्येक भागात 40 मिनिटांत 27 बहुपर्यायी प्रश्न येतात आणि कॅल्क्युलेटर वापरता येत नाही. ऑक्सफर्डच्या बायोलॉजीला त्या वर्षी लेखी चाचणी नव्हती. हे नियम बदलतात, म्हणून तुमच्या प्रवेशवर्षाचा नियम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच वाचावा आणि चाचणीची नोंदणी अर्जाच्या मुदतीआधीच, सप्टेंबरमध्ये, संपू शकते हे ध्यानात ठेवावे. केवळ चाचणी चुकवण्यासाठी अभ्यासक्रम निवडणे मात्र मला मुळीच मान्य नाही. काही आठवड्यांचा सराव टळतो खरा, पण नको असलेला अभ्यासक्रम तीन-चार वर्षे सोबत राहतो.

कॉलेजच्या निवडीवर एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ घालवू नये. पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबतचे स्वतःविषयीचे निवेदन, पाचही पर्यायांना एकच जाते, तेव्हा उरलेले चार पर्याय जीवशास्त्राच्या जवळचेच ठेवावेत आणि त्यांतला निदान एक असा असावा, की ज्याची गुणांची अट तुम्ही खात्रीने पूर्ण कराल.