खाऱ्या हवेतले वाल्व्ह अ‍ॅम्प: दुरुस्ती शिकू पाहणाऱ्यांसाठी

कुडाळ-सावंतवाडीच्या पट्ट्यात वाल्व्हचे (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचे) गिटार अ‍ॅम्प फार नाहीत. जे आहेत ते चर्चमध्ये वाजवणाऱ्यांकडे, मालवण-तारकर्लीच्या हॉटेलांत सिझनला कार्यक्रम करणाऱ्या पोरांकडे, नाहीतर गोव्यातून जुना माल उचलून आणणाऱ्या शौकिनांकडे. तेव्हा एवढ्याच कामावर पोट भरेल अशा हिशोबाने कुणी यात उतरू नये. मी भजनी मंडळांचे मिक्सर, कीबोर्ड, लाऊडस्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर असं सगळंच करतो. वाल्व्हचं काम अधूनमधून येतं, पण त्याला पैसे बरे मिळतात, कारण आत हात घालायला दुसरं कुणी तयार नसतं.

गिऱ्हाईक येतं ते निदान सोबत घेऊनच. “वाल्व गेलो असतलो, नवो घाल.” वाल्व्ह जातातही. पण आपल्या किनाऱ्यावर अ‍ॅम्प बिघडतो तो बहुतेक वेळा गंजलेल्या सॉकेटमुळे, काळवंडलेल्या जॅकमुळे किंवा घरातल्या विजेमुळे. नवे वाल्व्ह घालून दोन महिन्यांत तोच अ‍ॅम्प परत आला, की नाव तुमचं खराब होतं. म्हणून आधी बघायला शिका, बदलायला नंतर.

बघण्याआधी जिवाचं. अ‍ॅम्पमध्ये फिल्टर कपॅसिटरवर (वीज साठवून सपाट करणाऱ्या भागांवर) ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो, आणि प्लग काढून ठेवलेल्या अ‍ॅम्पमध्येही तो टिकून राहू शकतो. १० किलोओहमचा, पाच-दहा वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याला दोन्ही टोकांना इन्सुलेटेड मगर-क्लिपा लावा. एक टोक आधी चॅसीला, मग दुसरं कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून ‘डिस्चार्ज’ करणारे उस्ताद भेटतील, त्यांच्यापासून हे शिकू नका. नंतर मल्टीमीटरने मोजा, आणि काम चालू असेपर्यंत क्लिप तशीच राहू द्या, कारण मोठे कपॅसिटर रिकामे केल्यावरही थोडा व्होल्टेज परत वर येतो. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजायचं झालं तर एक हात खिशात, पायात चप्पल, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर तर नाहीच.

दुसरी गोष्ट सिरीज बोर्ड. इथला प्रत्येक वायरमन तो ओळखतो: १०० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब अ‍ॅम्पच्या वाटेत सिरीजमध्ये. एलईडी चालत नाही. अ‍ॅम्प ठीक असेल तर बल्ब क्षणभर भगभगतो आणि मंद होतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. फ्यूज उडालेला अ‍ॅम्प आला की तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायचाच नाही. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून आलेले अ‍ॅम्पही पाहाल. तिथे फ्यूजच्या आधी मालकाशी बोलावं लागतं. आणि स्पीकर जोडल्याशिवाय वाल्व्ह अ‍ॅम्प कधीही चालवू नका. भार नसताना सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका व्होल्टेज उसळतो की वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटू शकतं, आणि या सगळ्या यंत्रात महाग वस्तू तीच.

आता खऱ्या कामाकडे. आवाज बारीक झाला, मधूनच जातो, थाप मारली की येतो अशी तक्रार असेल आणि अ‍ॅम्पला मागे इफेक्ट्सचे सेंड-रिटर्न जॅक (सिग्नल बाहेरच्या पेडलला पाठवून परत घेणारे) असतील, तर एक छोटी केबल सेंडमधून थेट रिटर्नमध्ये घाला. आवाज परत आला तर दोष रिटर्न जॅकच्या स्विचच्या पत्र्यात आहे, जॅक रिकामा असताना सिग्नल त्यातूनच पुढे जातो. खाऱ्या हवेने त्यावर थर चढतो आणि सिग्नल तिथेच अडतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग दहा-वीसदा आतबाहेर करा. गंज सोडवायचं गॅरेजमधलं तेल इथे नको, ते मागे चिकट थर ठेवतं आणि त्यावर धूळ बसते.

वाल्व्हच्या सॉकेटकडे मात्र वेळ काढून बघा, शक्यतो भिंग आणि टॉर्च घेऊन. ईएल३४ किंवा ६एल६ या दोन्ही मोठ्या आउटपुट वाल्व्हमध्ये २ आणि ७ नंबरच्या पिना हीटरच्या (वाल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या), आणि ३ नंबर प्लेटची (मोठा व्होल्टेज घेणाऱ्या आतल्या पत्र्याची). म्हणजे ६.३ व्होल्टच्या अगदी शेजारी चार-साडेचारशे व्होल्ट. दोन्हींच्या मधल्या बेकलाइटवर धूळ, मीठ आणि दमट हवा यांचा थर साचला की कधीतरी तिथून ठिणगी उडते. ठिणगीने बेकलाइट जळतं, आणि जळलेलं बेकलाइट म्हणजे कोळसा, तो स्वतःच वीज वाहतो. बघितलं तर २ आणि ३ च्या मध्ये केसाएवढी काळी रेघ दिसते, झाडाच्या मुळीसारखी फांद्या फुटलेली. अल्कोहोलने पुसून वरचं काळं निघतं, आतलं निघत नाही. असं सॉकेट बदलायचंच, सिरॅमिकचं लावायचं. वाल्व्ह बदलून फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर ही रेघ आधी शोधा. पालीनेही हेच घडतं. उबेला आत शिरते आणि दोन पिनांना एकदम शिवते.

घरघर ऐकून ओळखायला गिटारच हाताशी असते. आपली वीज ५० हर्ट्झची. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर ९८ हर्ट्झचा. घरघर त्या सुराला जवळजवळ मिळत असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे संशय फिल्टर कपॅसिटरवर. त्याहून एक सप्तक खाली असेल तर ५० ची, म्हणजे हीटरची वायरिंग, ग्राउंड किंवा बाहेरून येणारी गडबड. मग प्रीअ‍ॅम्पचे छोटे वाल्व्ह अ‍ॅम्प बंद करून इनपुटकडून एकेक काढत जा. ज्याच्या नंतर आवाज थांबला, दोष त्याच्यात किंवा त्याच्या आधी. अ‍ॅम्प चालू असताना पेन्सिलने हलकं टिचकी मारून जो वाल्व्ह स्पीकरमधून घंटेसारखा बोलतो तो मायक्रोफोनिक झालेला. पहिल्या जागेवरचा तसा असेल तर शेवटच्या जागी टाका, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

अर्थिंग हा कोकणातला वेगळाच विषय. जांभ्याच्या सड्यावर घर असेल तर अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठणठणीत होतो आणि जमिनीला वीज नीट घेता येत नाही. दुकानात शांत असलेला अ‍ॅम्प गिऱ्हाइकाच्या घरी गुणगुणतो तेव्हा आधी तिथे जाऊन अर्थिंग बघा. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थपिन कापायला सांगणारे आहेत. तसला सल्ला कधी देऊ नका, गिटारच्या तारा आणि माईक दोन्हीला हात लागला की माणूस मरू शकतो.

बायस, म्हणजे वाजत नसताना आउटपुट वाल्व्हमधून किती करंट वाहू द्यायचा, ते थोडक्यात सांगतो. ईएल३४ ची प्लेट २५ वॅट सोसते. साधारण ७० टक्के, म्हणजे साडेसतरा वॅट धरा. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येकी सुमारे ३९ मिलीअँपिअर. कॅथोडला (वाल्व्हच्या निगेटिव्ह टोकाला) १ ओहमचा रेझिस्टर असेल तर मीटरवर तेवढेच मिलीव्होल्ट दिसतात, त्यात थोडा स्क्रीनचा (वाल्व्हमधल्या एका जाळीचा) करंट मिसळलेला असतो. मोजताना भिंतीतला व्होल्टेज वहीत लिहा, कारण गावात संध्याकाळी तो पडतो आणि मध्यरात्री चढतो, आणि आतले सगळे आकडे त्याच्याबरोबर हलतात. व्हॉक्स एसी३० सारख्या कॅथोड बायसच्या (कॅथोडवरच्या रेझिस्टरने बायस आपोआप ठरतो अशा) अ‍ॅम्पला फिरवायचा स्क्रूच नसतो. प्लेट लाल होताना दिसली तर ताबडतोब बंद करा. गळका कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्याचा सिग्नल पुढच्या टप्प्याला देणारा) हे त्यामागचं नेहमीचं कारण.

पावसाळ्यात अ‍ॅम्पवर प्लास्टिक घालणारे खूप. आत ओल कोंडते. सुती कापडाचं कव्हर, आत सिलिका जेलच्या पुड्या, भिंतीपासून वीतभर लांब, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू. स्वतःच्या उष्णतेनेच तो आतून सुकतो. सिझन संपला म्हणून जूनमध्ये बंद करून ठेवलेला आणि गणपतीत काढलेला अ‍ॅम्पच माझ्याकडे येतो.

शिकायचं कुठे म्हणाल तर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड पाया म्हणून पुरतो. तिथे वाल्व्हबद्दल फारसं शिकायला मिळणार नाही, पण सोल्डरिंग, मीटर आणि सर्किट वाचणं येईल. पुढे एखादा जुना वाल्व्ह रेडिओ उघडा, वाड्यांत माळ्यावर अजून सापडतात, काहींत बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे वाल्व्ह असतात. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड. नवे वाल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. जोडी मागताना ‘मॅच्ड’, म्हणजे सारखाच करंट घेणारी, मागा आणि आल्याबरोबर तपासा.

काम झालं की अ‍ॅम्प लगेच देऊ नका. तासभर वाजवा, गरम होऊ द्या, मग हलकेच ठोका. थंड असताना शहाण्यासारखी वागणारी सोल्डर गरम झाल्यावरच खरं बोलते. पैसे त्यानंतर घ्या. तपासणीचे मात्र आधीच ठरवून घ्या, नाहीतर “फक्त बघितलास ना?” म्हणून माणूस अ‍ॅम्प उचलून निघून जातो.